पाय न टेकणारे आण्णा

आण्णांच्या मोटारसायकलला आमच्या बोळात शेळ्या मागे टाकून जातात. हे मी वाढवून सांगत नाही. परवा तर एक बोकड पुढे जाऊन थांबला आणि मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिला. आण्णांना त्याचं काही नाही. इंजिन एका तालात बोलत असतं, चाक फिरतंय की नाही ते वाकून बघावं लागतं, आणि वर आण्णा ताठ बसलेले, दोन्ही पाय उचललेले.

पाय टेकणं हे आण्णांच्या लेखी पाप. माणसानं भावकीत भांडावं, एखाद्या वेळी पिऊनही यावं, पण गाडीवरून पाय टेकू नये. मिलिटरीत असताना ते डोंगरातल्या रस्त्यांनी मोटारसायकलवरून डाक पोचवायचे. पेन्शनीत निघाले, कुंडलजवळच्या आमच्या गावात माझ्या समोरच्या आपल्या घरात कायमचे राहायला आले आणि माझं जगणं अवघड झालं.

मी मिरजेच्या एका शाळेत मास्तर. रोज सकाळी स्टेशन गाठायला माझी मोटारसायकल काढतो. आमचा बोळ असा अरुंद, की गाडी वळवायची तर माझ्यासारख्याला पुढेमागे करत, पाय घासत वळवावी लागते. तेवढ्यात समोरून आवाज येतोच.

“मास्तर, पाय.”

“आण्णा, रेल्वे चुकंल माझी.”

“चुकू दे. चाकाकडं काय बघतूस? चाक पळून चाललंय व्हय? जायाचंय तिकडं बघ.”

सुट्टीच्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात दोन विटा मांडून माझी शिकवणी. विटांभोवती इंग्रजी आठ काढायचा. “क्लच अर्धा सोड. मागला ब्रेक नुसता हुंगायचा. आन् हँडल मुरगाळ की, पाव्हणीचा हात धरल्यावानी काय धरलंयस?” मी पडलो, गाडी माझ्या पायावर पडली, तर हे गृहस्थ खाली उतरले नाहीत. माझ्याभोवती शांतपणे गोल फिरत त्यांनी विचारलं, “गाडीला लागलं न्हाई न्हवं?”

“जोरात कुणीबी पळवतंय गड्या, हळू चालवून दाव,” हे त्यांचं वाक्य गावातल्या प्रत्येक पोरानं ऐकलंय. एका लग्नात अक्षता टाकताना त्यांनी ते नवरदेवालाही ऐकवलं.

आमच्या जत्रेत ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घ्यायची शर्यत असते, तशी हळू मोटारसायकलचीही असते. पाय न टेकता सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. बाकीचे पोचले, पंच चहा घेऊन आले, तिकडे कुस्त्या लागल्या, तरी आण्णा अर्ध्या वाटेत. शेवटी पंचांनी नारळ आणि फेटा तिथंच नेऊन दिला. तोही त्यांनी चालत्या गाडीवर घेतला.

आता जे सांगायचं ते मला जड जातंय.

परीक्षेचा दिवस होता आणि पेपरांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी गाडी काढली तर बोळाच्या तोंडाशी आण्णा गोल गोल फिरतायत. बाजूला मालनकाकी, म्हणजे आण्णांची बायको, कुणाशीतरी बोलत उभी. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

“थांब की रं,” आण्णा फिरत फिरत म्हणाले, “काकीचं बोलणं हुतंय.”

काकीचं बोलणं होईपर्यंत माझी रेल्वे गेली. हेडमास्तरांनी मला पोरांसमोर झाडलं. त्या रागात मी दुपारी पुण्याला संजयला, आण्णांच्या मुलाला, फोन केला. म्हणालो, “आण्णांचा हल्ली तोल जातोय. कुणालातरी धडकतील.” ज्या माणसाचा तोल कुणी कधी गेलेला पाहिला नाही, त्याच्याबद्दल मी हे बोललो. तेही काळजीच्या आवाजात.

“बरं झालं सांगितलंत,” संजय म्हणाला. “रविवारी येतो आणि गाडी विकूनच टाकतो.”

शनिवारी माझी गाडी दुरुस्तीला होती. संध्याकाळी स्टेशनवरून उसाच्या कडेच्या वाटेनं चालत येत होतो. पुढे मालनकाकी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली, आणि तिच्या शेजारी, तिच्याच चालीनं, आण्णांची मोटारसायकल. दोघं बोलत होती. काकी भारा सावरायला थांबली की आण्णा तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, ती चालू लागली की पुन्हा शेजारी.

आण्णा जरा पुढे झाल्यावर मी काकीला गाठलं. “काकी, मागं का बसत न्हाईस?”

“बसले हुते की एकदा. पोटात खड्डा पडला बाबा. मला चालल्यालंच बरं.”

“मग आण्णांनी तरी चालावं.”

“चालत्यात कशानं? डाव्या गुडघ्यात सळई हाय. जोत्यावरनं गाडीवर चढायचं आन् जोत्यावरच उतरायचं. वाटंत पाय टेकला की कळ मस्तकात जाती. लोकांस्नी सांगत न्हाईत.” भारा तिनं नीट केला. “लगीन झाल्यापास्नं ते तिकडं, मी हितं. रजेवर आले तर घर पाव्हण्यांनी भरल्यालं. बोलणं झालंच न्हाई कवा. आता रानापतोर जाऊस्तवर, येऊस्तवर बोलतो.”

“काय बोलता?”

“काय न्हाई. वांग्याला कीड पडलीया, त्येचं.”

रविवारी संजय आला. मी समोर गेलो. आण्णा जोत्यावर बसले होते, काकी दारात. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, “संजय, मी खोटं सांगितलं. मला उशीर झाला होता, त्याचा राग काढला. आण्णांचा तोल चांगला आहे.”

काकी आत निघून गेली, ते मला जास्त लागलं.

आण्णा हलक्या आवाजात म्हणाले, “खाली बस मास्तर.”

मी बसलो.

“वय झालंय. कवातरी जाणारच की तोल. आपला आपल्याला कळत न्हाई त्यो, बघणाऱ्याला कळतो. तवा तूच सांग, तू रोज बघतूस. पण आदी मला सांग. ह्येला फोन नगो. तिला मी सांगीन, रस्त्यानं जाताजाता.”

संजय गाडी न नेता परत गेला.

तेव्हापासून संध्याकाळी ती दोघं रानातून यायच्या वेळी मी दारात उभा असतो. आण्णांनी ते काम मला दिलंय आणि मी ते मुकाट्यानं करतो. रोज त्यांना बोळात वळताना बघतो आणि रोज सुटल्यासारखा आत येतो.

काल वळताना गाडी जराशी डुचमळली. काकी काहीतरी सांगत होती, तिच्या ध्यानात आलं नाही. आण्णांनी सावरलं आणि माझ्या दाराकडे पाहिलं.

मी त्यांच्याकडे बघून हसलो, आणि काहीच दिसलं नसल्यासारखा घरात आलो.