टोपण काढलं का?

आमच्या शेजारच्या नानांच्या स्वयंपाकघरात तांदळाचे दोन डबे आहेत. एक खायचा आणि एक कॅमेऱ्याचा. भोरच्या पावसाळ्यात पायातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. म्हणून नाना आपला कॅमेरा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून इंद्रायणी तांदळात पुरून ठेवतात. "ओल तांदूळ पितो, मास्तरीणबाई," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं. मी शाळेत शिकवते, म्हणून मास्तरीणबाई. माझं नाव त्यांना ठाऊक असणार, पण आजतागायत त्यांनी ते उच्चारलेलं नाही.

नाना म्हणजे भोरचे एके काळचे फोटोवाले. भाटघरपासून किकवीपर्यंत लग्न म्हणू नका, बारसं म्हणू नका, निवडून आलेला सरपंच म्हणू नका, सगळे नानांच्या कॅमेऱ्यातून गेलेले. आम्ही इथं राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी, काकू गेल्या आणि कॅमेरा तांदळात गेला, तो गेलाच. जीभ मात्र बाहेर राहिली. रस्त्यात कुणी मोबाईल वर केला की नाना आडवे आलेच म्हणून समजा. "अहो, देवानं उजेड फुकट दिलाय, माणसाच्या पाठीवर काय घालता? तोंडावर पडू द्या!" उत्रोलीच्या एका लग्नात त्यांनी अख्खं वऱ्हाड उठवून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. कॅमेरा दुसऱ्याच कुणाचा होता आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंही नाही.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत काकूंचा फोटो आहे. हार घातलेला. पण फोटो असा, की काकूंचं तोंड अर्धवट उघडं, भुवया वर चढलेल्या आणि एक बोट समोर रोखलेलं. मी पडले तोंडाची फटकळ. एकदा विचारलंच, "नाना, सगळ्या तालुक्याचे फोटो काढलेत, काकूंचा जरा बरा नव्हता का एखादा?"

"पुष्कळ आहेत की," नाना म्हणाले, "पण त्या सगळ्यांत ती गप्प बसलीय."

मला ते तेव्हा समजलं नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर वेल्ह्याहून माझ्या आत्याचा फोन आला. आत्या ब्याऐंशी वर्षांची, खणखणीत, पण अलीकडं तिच्या डोक्यात एक खूळ शिरलेलं. "पोरी, म्या मेल्यावर भितीला काय लावशीला? त्ये आधारकार्डावरलं? त्यात म्या कोंबडी चोरल्यावानी दिसती. माझ्या पोराच्या लग्नात आल्ता ना, त्यो भोरचा फोटूवाला, त्येला घिऊन ये. जिती हाय तवर ये."

नाना आधी नाहीच म्हणाले. "हात बसत नाही आता." मग संध्याकाळी स्वतःच कुंपणापाशी येऊन विचारलं, "त्या आजींच्या अंगणातून तोरणा दिसतो, त्याच ना?" मी हो म्हटलं. "मग सकाळी दहाच्या आत जायला हवं. उजेड चांगला असतो तिथं," म्हणाले आणि तांदूळ उपसायला गेले.

नसरापूरला एसटी बदलून आम्ही पोचलो. आत्या हिरवं लुगडं नेसून, केसांना पाणी लावून, अंगणात खुर्चीवर देवीसारखी बसलेली. नानांनी तिची खुर्ची चार वेळा फिरवली, हनुवटी खाली घ्यायला लावली, स्वतः मागं गेले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि डावीकडं मान वळवून मोठ्यानं म्हणाले, "टोपण?"

डावीकडं कोणी नव्हतं. एक शेळी होती.

नाना क्षणभर थांबले, मग त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. कॅमेरा हलवला, तेव्हा त्यातून तांदळाचे तीन दाणे पडले. बॅटरी भोरला चार्जरमध्येच राहिली होती. घरी येऊन पाहिलं तर चार्जरचं बटणही बंद.

"चाळीस वर्षं फोटो काढले मी," नाना परतीच्या एसटीत चारदा म्हणाले. पाचव्यांदा म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी बॅटरी काठोकाठ भरून नेली. नानांना काय जोर चढला! आत्या बसलेली, आत्या उभी, आत्या तुळशीपाशी, चाळीसेक फोटो काढले. दर वेळी आधी ती मान डावीकडं आणि ते "टोपण?" मला वाटलं, वय झालं, बडबडतात. मग आत्या म्हणाली, "दावा तर खरं." नानांनी चष्मा लावला, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडं बघितलं आणि खाली बसले. आत कार्डच नव्हतं. कॅमेरा बिचारा पहिल्या फोटोपासून ते पडद्यावर लिहून सांगत होता. चष्मा खिशात असल्यावर तो तरी काय करणार?

आत्या संतापली. "आवो फोटूवाले, म्या मरायची थांबू तरी किती? यमाला काय सांगू, कारट न्हाई म्हनून?"

मी हसले. कुणीतरी हसायला हवंच होतं. पण नानांचं तोंड इतकं उतरलं होतं, की मला माझीच लाज वाटली. ते कार्ड मंगळवारी सापडलं, खायच्या तांदळाच्या डब्यात. तांदूळ निवडून घ्यायची सवय आहे म्हणून वाचलं.

बुधवारी नानांनी कॅमेरा माझ्या हातात आणून दिला. "हा तुमच्या शाळेला ठेवा, बाई. माझ्याकडून आता होत नाही."

"ते आत्याला तोंडानं सांगा," मी म्हटलं. "मी नाही सांगायची."

म्हणून तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो, कॅमेरा मी बरोबर घेतलाच. या वेळी बॅटरी मी बघितली, कार्ड मी बघितलं, चष्मा मी त्यांच्या नाकावर ठेवला. आता चुकायला काही उरलं नाही, अशी माझी खात्री होती. कडकडीत ऊन पडलेलं, समोर तोरणा लख्ख. नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मान डावीकडं वळवली. "टोपण?" थांबले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, आभाळ आलंय का हो? मला काळोख दिसतोय."

भिंगावरचं टोपण तसंच होतं.

ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. नानांनी टोपणावरून बोट फिरवलं. "मला नाही जमायचं," ते म्हणाले. "फोटो तीच काढायची हो. टोपण काढा, बॅटरी घातली का, चष्मा कुठाय. सगळं ती बोलायची. मी नुसतं बटण दाबायचो. आणि लोक म्हणायचे, नाना, काय हात आहे तुमचा!"

आत्या खुर्चीवरून वाकून बघायला लागली. "ती उंचशी? काळी छत्री धरून डाव्या अंगाला हुबी ऱ्हायाची ती? माझ्या पोराच्या लग्नात लई वरडत व्हती तुमास्नी."

"हो. तीच."

"गेली व्हय?"

नानांनी नुसती मान हलवली. आत्यानं पदरानं डोळे पुसले. मग पदर डोक्यावर सारखा केला, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "उटा. घ्या त्ये हातात. आता म्या इचारते."

नानांनी टोपण काढून खिशात घातलं, कॅमेरा उचलला. आत्यानं बोट रोखलं आणि वेल्ह्याच्या डोंगरात घुमेल अशा आवाजात ओरडली, "टोपान काडलं का वोऽऽ?"

खट्.

नानांनी तेवढा एकच फोटो काढला. त्यात आत्याचं तोंड अर्धवट उघडं, भुवया वर, बोट समोर. मी म्हटलं, आत्या, दुसरा काढू या, यात तू भांडतेयस. आत्यानं पडदा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. "ऱ्हाऊ दे. ह्योच लावा. ही म्याच हाय."

परत येताना एसटीत नाना खिडकीबाहेर बघत होते. मी हळूच म्हटलं, "काकूंचा तो फोटो..."

"तेच विचारत होती," नाना म्हणाले. "टोपण काढलं का. आणि त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा आपणहून काढलं होतं. सांगणार होतो तिला, बघ म्हणून. पण आधी बटण दाबलं गेलं. मग राहूनच गेलं सांगायचं. वाटलं, सांगू कधीतरी."

कॅमेरा पुन्हा तांदळात गेला नाही. परवा सकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा खिडकीतून नाना अंगणात दिसले. जास्वंदीसमोर उभे, कॅमेरा डोळ्याला, मान डावीकडं वळलेली. त्यांच्या तोंडातून शब्द निघायच्या आतच मी पिठाच्या हातानं खिडकीतून ओरडले, "टोपण काढलं का?"

नाना वळले नाहीत. डावीकडंच बघत राहिले.

"काढलं गं," म्हणाले.