भिंतीची चव बघणारे ठोसर

ठोसर भिंत चाटायचे. आधी बोटाने धूळ झाडायची, चष्मा कपाळावर चढवायचा, जिभेचं टोक भिंतीला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. जसं काही आमटीत मीठ बरोबर पडलंय का ते बघतायत. मग निकाल. "खारट. हात लावू नका."

हा वेडेपणा नाही, हे मी आधीच सांगतो. भिंतीत ओल असली की आतलं मीठ वर येतं. त्याला लोणा म्हणतात. त्यावर कितीही भारी रंग द्या, वर्षात पापुद्रे सुटतात. हे मलाही ठाऊक होतं. पण मी हाताने ओळखायचो. जीभ मी जेवायला ठेवली होती.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पुण्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मी रंगवल्यात आणि एका तरी पाटीवर अक्षर कलंडलेलं दाखवा. मग फ्लेक्स आला. मशीन तासाभरात वीस फूट छापून देतं, त्याला चहासुद्धा लागत नाही. माझे ब्रश डब्यात वाळले. त्या दिवसांत मला ठोसर भेटले. सदाशिव पेठेतले, चित्रकलेचे रिटायर शिक्षक. भिंतींवर मोठी चित्रं काढायची कामं ते घ्यायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे बरोबरीने. ते मान्य करत नसत, तो त्यांचा प्रश्न.

काम घ्यायचे म्हणतो खरं, पण काढायची वेळ क्वचितच यायची. आधी बेत. भिंत आतली की बाहेरची? बाहेरची असेल तर ऊन कुठून, पाऊस कुठल्या अंगाने झोडपतो, समोरच्या झाडावर कावळे बसतात का? त्यांच्या गच्चीवर विटांची रांग होती. प्रत्येक विटेवर एकेक रंग, अर्धी वीट पत्र्याने झाकलेली, अर्धी उन्हात. दर महिन्याला पत्रा उचलून कुठला रंग किती उडाला ते बघायचे. एकदा एक तांबडी वीट माझ्यासमोर धरून म्हणाले, "महादेवराव, हा दगाबाज. पश्चिमेच्या भिंतीवर याला उभं करायचं नाही."

"अहो, पण चित्र कधी काढायचं?"

"घाई आहे? मग कॅलेंडर लावा."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका मंगल कार्यालयाचा मालक गयावया करत होता, "सर, लग्नसराई आली हो." ठोसर म्हणाले, "मग कॅलेंडर लावा. त्यात मुहूर्तही असतात." त्याने खरंच लावलं. ते काम गेलं.

अशात हिंजवडीचं काम आलं. एका कंपनीची नवीकोरी इमारत, फाटकाशेजारी तीस फुटी भिंत. मला ती भिंत हवी होती. रोज बस भरभरून पोरं उतरणार आणि पहिलं काय बघणार, तर हाताने काढलेलं चित्र. फ्लेक्सच्या नाकावर टिच्चून! बघायला गेलो तेव्हाच माझा हात शिवशिवत होता.

मॅनेजर मॅडम पंचविशीतल्या, गळ्यात पट्टा. "काका, वॉल एकदम रेडी आहे. फक्त स्टार्ट करायचं."

ठोसरांनी चष्मा वर चढवला आणि भिंत चाटली. समोरच्या स्टुलावरचा वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला.

"खारट," ठोसर म्हणाले. "गिलावा अजून ओला आहे. तीन महिने."

"थ्री मंथ्स? काका, नेक्स्ट वीकमध्ये क्लायंट व्हिजिट आहे. मंडेला स्टार्ट नाही झालं तर आम्ही फ्लेक्स लावून टाकू."

"कॅलेंडर लावा," ठोसर म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.

शनिवारभर मी वारज्याच्या घरात येरझाऱ्या घातल्या. सून म्हणाली, "बाबा, बसा हो, फरशी झिजेल." बसवत नव्हतं. रविवारी सकाळी उठलो आणि ठोसरांशी भांडायला सदाशिव पेठेत गेलो.

इतक्या वर्षांत मी बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर जायचो. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून घरात कधी शिरलो नव्हतो. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी दार उघडं होतं. ठोसर आतल्या खोलीत रिकाम्या लोखंडी कॉटपाशी बसले होते. समोरच्या भिंतीवर मंडई होती. भोपळे, वांगी, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. इतकं ताजं चित्र मी त्यांच्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. एका बाईला तोंड नव्हतं, हातातली जुडीही अर्धीच.

मी बोट लावलं. बोटाला पूड आली.

"हे काय? डिंकातला रंग? ओल्या फडक्याने पुसून जाईल हो!"

"जायलाच हवा होता," ठोसर म्हणाले. "हिला कूस बदलता येत नव्हती. तीन वर्षं एवढीच भिंत समोर. ऑइलपेंटचा वास सोसायचा नाही. म्हणून खडूची पूड, डिंकाचं पाणी, काव, पिवडी, नीळ. संध्याकाळी विचारायचो, उद्या काय बघायचंय? सकाळी ती उठायच्या आत जुनं पुसून नवं काढायचं. तिच्या माहेरची विहीर झाली, आमची शाळा झाली. ही मंडई शेवटची. मेथीवाली राहिली."

मंगल कार्यालयाला वर्षभर ताटकळत ठेवणारा माणूस रोज चहाच्या आधी एक भिंत पुरी करत होता.

मी खाली बघितलं. फरशीपासून वीतभर पांढरं फुललं होतं. फरशीवर रंगाचा चुरा पडला होता, तो कोणी झाडला नव्हता.

"ठोसर, लोणा चढतोय. वरून वार्निशचा हात मारू."

"ओलं काहीही लावलं की विरघळेल."

"मग चव तरी बघा. किती महिने निघतील ते कळेल."

ठोसरांनी चष्मा कपाळावर चढवला. भिंतीकडे बघितलं. मग चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"कळून काय करायचंय, महादेवराव?"

भांडायला आलो होतो. चहा पिऊन निघालो.

सोमवारी एकटाच हिंजवडीला गेलो. चार माणसं फ्लेक्सची गुंडाळी सोडत होती. मॅडम म्हणाल्या, "काका, स्टार्ट करताय ना?"

मी भिंतीपाशी गेलो. आजूबाजूला बघितलं आणि जीभ लावली. वॉचमनने शिट्टी वाजवली. खारट होती.

"नाही," मी म्हणालो. "घाई आहे तर कॅलेंडर लावा. पण भिंतीला खिळा मारायचा नाही. पुढे बांबू रोवा आणि चार बोटं अंतर सोडून बांधा. मागे हवा खेळली पाहिजे. वाळली की आम्ही येतो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि माणसांना म्हणाल्या, "अंकल बोल रहे हैं वैसा बांधो." ते लोक वाकडं बांधत होते. शेवटी मीच ओळंबा धरून सरळ करून दिलं. ज्याने माझा धंदा खाल्ला, तो फ्लेक्स मी माझ्या हाताने बांधला.

संध्याकाळी ठोसरांना सांगितलं. त्यांनी आधी एकच विचारलं, "चव कशी होती?"

"खारट."

"आमटीइतकी की लोणच्याइतकी?"

"आमटीइतकी."

"मग वाळेल." त्यांनी रिकाम्या कॉटकडे बघितलं. मग म्हणाले, "तो शिट्टीवाला दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून बसतो ना? पुढच्या खेपेला त्याला विचारून या, काय बघायचंय."