शिवामुठीतली चाकं

“तीन दिवस! चौथा लागला तर मिशी उतरवून देईन!”

रुपरावांची ही प्रतिज्ञा ऐकायला घरात एकट्या जयवंताबाई होत्या. त्या फुलवाती वळत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याच्या मिशीकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या खोक्याकडे, आणि पुढची वात घेतली.

खोक्यात दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान होतं. म्हणजे व्हायचं होतं! तूर्तास नुसते प्लास्टिकचे ठोकळे होते, एकात एक बसवायचे, शेकड्यांनी. सीताबर्डीच्या बाजारातून ते आणायचं कारण शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होतं. मनोहरराव! जन्मभर कचेरीत शिक्के मारलेला माणूस, आणि त्याच्या बैठकीत अगदी असंच विमान! येणारा-जाणारा “वा, वा!” करे. ते भिंतीतून ऐकू आलं की रुपराव उठून रिकामाच मिक्सर फिरवत.

“छत्तीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होतो मी! अन् विमान कोण बनवते? शिक्केवाला!”

दिलासा एकच होता. मनोहररावांच्या खोक्यात चाकांची पुडीच निघाली नव्हती. त्यांचं विमान बिस्किटाच्या डब्यावर टेकलेलं होतं, दवाखान्यातल्या पेशंटसारखं. आणि सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्र यांनी जाहीर केलं होतं की पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारच्या टेबलावर विमान ठेवायचं. पण चाकांवर उभं असलेलं!

चौथा दिवस लागला. जयवंताबाईंनी मिशीकडे पाहिलं.

“दिवस म्हणजे कामाचे दिवस वं! आठ घंट्यांचा एक धराचा!”

या हिशेबाने तिसरा दिवस संपता संपता ऑगस्टचा दुसरा रविवार उजाडला. संध्याकाळपर्यंत फक्त चाकं राहिली. वाटाण्याएवढी दोन, शेपटीखालचं चिमुकलं एक, आणि मोठ्या दोघांवर बसवायच्या दोन हिरव्या टोप्या, मुगाहून जराशा मोठ्या. पण डोळे थकले होते.

“उद्या चाकं लावतो, अन् दहा वाजता मनोहरभाऊले चहाले बोलावतो. चहा कमी, चाकं जास्त!”

सकाळी कामवाल्या बाईचा झाडू फिरे, आणि तो झाडू जमिनीवरची मुंगीही मागे ठेवत नसे. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? देवघर! रुपरावांनी चाकं आणि टोप्या एका वाटीत घातल्या, वाटी देवघरात ठेवली आणि आपल्या अकलेला मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला तिसरा सोमवार होता. जयवंताबाईंचा नेम कडक. पहिल्या सोमवारी महादेवाला तांदळाची मूठ, दुसऱ्या सोमवारी तिळाची, तिसऱ्या सोमवारी मुगाची. आणि उठल्यापासून शिवामूठ वाहीपर्यंत तोंडातून शब्द नाही. पहाटे न्हाऊन, समईच्या उजेडात त्यांनी देवघरात वाटी पाहिली. तळाशी हिरवं काहीतरी दिसलं. कालच मूग काढून ठेवले वाटतं! त्यांनी वरून आणखी मूग ओतले. काहीतरी खुळखुळलं. सुपारी असेल.

रुपराव उठले तेव्हा त्या वाटीवर रुमाल झाकून दारात उभ्या होत्या.

“अवं, देवघरातली वाटी कुठं आहे?”

जयवंताबाईंनी हातातली वाटी वर केली.

“हे नाही! माही! चाकांची!”

त्यांनी डोळे मिटून हाताने खूण केली, ‘नंतर’, आणि जिना उतरल्या.

रुपरावांनी देवघर उपसलं. बाळकृष्णाचा पाळणा उचलून खाली पाहिलं. मग त्यांना सांडलेले चार मूग दिसले, आणि त्यांच्या मधोमध वाटीच्या बुडाएवढी रिकामी गोल जागा! लुंगी-बनियनवरच ते फाटकाजवळच्या महादेवाच्या देवळाकडे धावले.

तोवर जयवंताबाई डोळे मिटून मूठ वाहून प्रदक्षिणेला गेल्या होत्या. रांगेत त्यांच्या मागच्या हर्षाबाई, म्हणजे मनोहररावांच्या पत्नी, दर सोमवारच्या रिवाजाने पिंडीवरचे मूठभर मूग प्रसाद म्हणून पदरात बांधून घरी गेल्या होत्या. मागे आणखी आठ-दहा बायकांनी मुठी वाहिल्या होत्या. पिंडीवर मुगाचा डोंगर! रुपरावांनी रांग मोडली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत डोंगरात घातले.

“ओ काकाजी! काय करून राहिले?” पुजारी ओरडले.

“माहे चाकं!”

“महादेवाले चाकं कुठं असते?”

रांगेतून एक आवाज आला, “जयवंताबाईच्या घरचे मूग सरले काय वं?”

“सरले नसन! उपास धरवत नसन बिचाऱ्याले!”

हाती लागली एक हिरवी टोपी. फक्त एक!

दुपारी देवळातली बातमी ऐकून हर्षाबाई डबाभर मूग घेऊन आल्या. “भाऊजी, लागलं तं मागत जा. देवापुढचं नका उचलू.”

त्या घरची दया! रुपरावांना तो डबा दगडाच्या पाट्यासारखा जड लागला.

पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारच्या टेबलावर मनोहररावांचं विमान तीन चाकांवर ताठ उभं होतं! पंखावर कोणीतरी हळद-कुंकूही वाहिलं होतं. मनोहरराव गहिवरून सांगत होते, “मी देवाबिवाले मानत नव्हतो. पण हर्षा प्रसादाचे मूग निवडून राहिली होती, अन् ताटात चाकं! बरोब्बर मापाची! एक टोपी तेवढी कमी निघाली.”

सगळ्यांनी विमानाला हात जोडले. रुपराव दात आवळून कुजबुजले, “सांग ना वं सगळ्याईले! ते माहे चाकं आहेत!”

“वाहिलेलं परत मागत नाहीत,” जयवंताबाई हळूच म्हणाल्या. “अन् चूक माहीच आहे. मूठ वाहताना मी मनात मागितलं होतं, महादेवा, विमानाले चाकं लागू दे. कोणाच्या विमानाले, ते सांगाचं राहूनच गेलं. पुढच्या सोमवारी फ्लॅट नंबर सांगीन!”

तेवढ्यात मनोहररावांनी हाक मारली, “रुपरावजी, तुम्ही फिटर माणूस, तुमच्याकडं एखादी जास्तीची टोपी आहे काय?”

“नाही!” म्हणत रुपरावांनी खिशातली मूठ आणखी घट्ट आवळली. ही मूठ काही ते वाहणार नव्हते!