दुलईवरची मांजरं

आमच्या बेंबळी गावचे नाना रंगारी गिऱ्हाइकानं मागितलेलं जनावर कधीच छापत नसत. कापड हातात घ्यायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचं आणि म्हणायचं, "तुमाला कंचं लागू पडंल ते म्या ठरविणार." जनावरं कोरलेले त्यांचे लाकडी ठसे भिंतीशी मांडलेले असत. वैद्यानं पुडी काढून द्यावी तसा त्यातला एक ते उचलत.

पाटलांना चावडीच्या जाजमावर वाघ हवे होते. नानांनी हत्ती छापले. "वाघाला लोक भित्यात. हत्तीचं कान मोठं, त्यो ऐकून घेतो." निजामाच्या राज्यात पाटलाला असं सुनावायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. पाटील धुसफुसले आणि त्याच जाजमावर बसले. माझ्या आत्याला पोपट पाहिजे होते. "बोलायला तुमी एकट्या पुरं हाव," म्हणत नानांनी कासवं उमटवून दिली. आत्या त्यांचा उद्धार करतच घरी आली. कासवाचा गुण काही तिला लागला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. नवरीबरोबर दुलई जायची, ती नानांच्याच हातची. मैत्रिणींच्या दुलयांवर मोर होते, मलाही मोरच हवे होते. नाना दुलई घेऊन आले. चारी काठांना मांजरं!

आईनं कपाळावर हात मारला. सासरची माणसं अशी, की मांजर आडवं गेलं तर जुंपलेली बैलगाडी सोडायची. "अहो नाना, पोरीचा संसार मोडायचाय का?" मी तर रडून घर डोक्यावर घेतलं.

नाना आमच्या ओट्यावर टेकले. "माझ्या सुमीला म्या हरणं छापली व्हती. लई देखणी. जावयाला हैद्राबादला नोकरी लागली, अन् ती गेली ती गेलीच. माघारी वळून बघितलं न्हाई. हरणाचा गुणच त्यो. चूक माझी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडलं तरी घर हुडकत येतं. तू बी न्हाई आलीस, तर या गल्लीत मला हाक मारणारं कोण ऱ्हाईल?"

आईनं दुलईची घडी घालून ती पेटीत ठेवली. मला इतकं भरून आलं की मोर विसरूनच गेले.

सासूबाईंनी ती दुलई कायम उलटी पांघरायला लावली. पंचमीला मी माहेरी आले, तर वेशीतच नाना उभे. "लागू पडलं!" ते गावभर ऐकू जाईल असे ओरडले, आणि निळीनं भरलेल्या हातांनी डोळे पुसायला गेले, तर सगळं तोंड निळं झालं.

आई दारात वाट बघत होती. तरी नानांना गाडीत घेऊन मी ती आधी त्यांच्या ओट्याशी थांबवली.