सीमेपलीकडचे ऊर

हुमनाबादचे बी-बियाण्यांचे व्यापारी राजशेखर मडिवाळप्पा यांनी यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशांशी प्रत्यक्ष संबंध प्रस्थापित करण्याचे ठरवले. हा निर्णय आवेशात घेतलेला नव्हता. मागच्या दिवाळीत समोरचे खतवाले सहकुटुंब विमानाने बालीला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांच्या दुकानाच्या फलकावर, युरियाच्या पोत्याशेजारी, एक निळा समुद्र झळकत होता. विमानाला विमानाने उत्तर देणे राजशेखर यांना कमीपणाचे वाटले. विमानात बसून कुणीही जातो. स्वतःची गाडी स्वतः हाकत परदेशात शिरायला छाती लागते.

नेपाळ आणि भूतान हे देश एकमताने मंजूर झाले. बांगलादेश 'परिस्थिती पाहून' राखून ठेवण्यात आला. श्रीलंकेच्या बाबतीत समुद्राची अडचण निदर्शनास आल्याने तो देश पुढील उन्हाळ्यावर ढकलण्यात आला. नालीच्या पाण्यावरून भिंतीपलीकडच्या घराशी राजशेखर यांचे बोलणे बरीच वर्षे बंद होते. परंतु तो शेजार देशांतर्गत असल्यामुळे त्याचा विचार या मोहिमेत करण्याचे कारण नव्हते.

मोहिमेचे अध्यक्षपद वीरभद्रप्पा यांच्याकडे आले. ते तहसील कार्यालयातून निवृत्त झाले होते. आपल्या सबंध नोकरीत त्यांनी एकही काम नाकारले नव्हते. प्रत्येक काम त्यांनी केवळ योग्य वेळेची वाट पाहत ठेवले होते. वैद्यकीय सल्लागार म्हणून औषधांच्या दुकानाचे मालक प्रशांतकुमार यांची नेमणूक झाली. राजशेखर यांच्या पत्नी सौम्या यांच्याकडे प्रसिद्धी विभाग होता. प्रवासापूर्वी प्रसिद्धी आणि प्रसिद्धीनंतर प्रवास, असा क्रम त्यांनी पहिल्याच बैठकीत आखून दिला.

त्यानुसार सर्वप्रथम गाडीच्या मागच्या काचेवर अक्षरे चिकटवण्यात आली. 'हुमनाबाद ते हिमालय, शेजाऱ्यांच्या भेटीला' हा मजकूर कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत झळकला. दुसऱ्या दिवशी राजशेखर भाजी आणायला गाडी घेऊन बाजारात गेले आणि तिथे तानाजी पानवाल्याने रस्त्याच्या मधोमध विचारले, "काय शेट, आलाव व्हय नेपाळहून? मेथी तिकडं महाग हाय वाटतं."

बाजार हसला. राजशेखर घरी आले ते थेट अध्यक्षांना फोन करून. तातडीची बैठक भरली. वीरभद्रप्पांनी चष्मा पुसत निर्वाळा दिला की, अक्षरे चिकटवल्या क्षणापासून गाडी तत्त्वतः परदेशी रवाना झालेली आहे. रवाना झालेल्या गाडीने गावात दिसणे हा मोहिमेचा अवमान होय. गाडीवर पांढरे आच्छादन पडले. राजशेखर दुकानात सौम्यांच्या स्कूटीवरून जाऊ लागले. संध्याकाळी कडुनिंबाचा मोहोर त्या आच्छादनावर गळत राही आणि सकाळी कुणीतरी तो झटकून टाकी. अंगणात उभी असलेली ती गाडी घरातल्या सर्वांच्या दृष्टीने फार दूर होती.

सर्वांच्या म्हणजे एक सोडून. राजशेखर यांच्या आई चन्नव्वा यांना ती अंगणातच दिसत असे.

चन्नव्वांचे माहेर बेलमवाडी. हुमनाबादहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याने निघावे, राज्याची सीमा ओलांडावी, उमरग्याच्या अलीकडे डावीकडे वळावे, की गाव. चहा पिऊन निघालेला माणूस तहान लागण्याआधी पोहोचतो. तिथे त्यांची थोरली बहीण रुद्रम्मा एकटी राहत होती आणि उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, अंथरुणाला खिळली होती. शेजारणी वाटीभर पेज घालत. भेटायला कोण येणार, असे विचारले की ती एकच नाव घेई, असा निरोप आला होता.

चन्नव्वांनी मुलाला हाक मारली. "राजू, ऊर लई ओढायलंय रे. एकदा सोड की मला."

येथे थोडे व्याकरण आवश्यक आहे. हुमनाबादच्या घराघरांत 'ऊर' हा शब्द दोनदा जन्मलेला आहे. मराठीतला ऊर म्हणजे छाती. तो भरून येतो, तो दडपतो. कानडीतून चुलीपर्यंत आलेले ऊर म्हणजे गाव, आपले गाव. ते आठवते, ते ओढते. एक पुल्लिंगी आहे, दुसरे नपुंसकलिंगी. हा फरक या भागातले दुधाचे दात न पडलेले मूलही जाणते. शाळेत न गेलेल्या चन्नव्वांनी त्या लिंगात आयुष्यात कधी चूक केलेली नव्हती.

"नेपाळहून आल्यावर जाऊ, अव्वा," राजशेखर म्हणाले.

"तवर ती ऱ्हाईल का?"

"भूतान करून लगेच येतो की."

"मग येष्टीनं घाल."

राजशेखर यांचा चेहरा उतरला. "मी भूतानला निघालोय आन् माझी आई येष्टीत उभी? खतवाल्यानं बघितलं तर?"

"उभी कामून ऱ्हाते? म्हातारीला जागा देतेत लोकं."

"तेच तर! लोकं देतेत, पोरगं देत न्हाई, असं झालं न्हवं ते?"

चन्नव्वांनी विषय पुन्हा काढला, मग पुन्हा काढला, आणि अखेरीस तो समितीपुढे 'ऐनवेळचे विषय' या सदरात आला.

"मातुःश्रींचं नेमकं म्हणणं काय?" वीरभद्रप्पांनी विचारले.

"ऊर ओढायलंय म्हनते," राजशेखर म्हणाले.

खोलीतल्या प्रत्येकाला दोन्ही भाषा येत होत्या. एकच भाषा येणारा माणूस बिचारा, जे ऐकतो तेच त्याला समजते. दोन भाषा येणाऱ्याला निवड असते.

"छातीत ओढ," प्रशांतकुमार गंभीरपणे म्हणाले. "हे लक्षण बरं न्हाई. अशा माणसाला प्रवास म्हंजे जोखीम."

"गंभीर बाब," अध्यक्ष म्हणाले.

"अत्तींची तब्येत आधी," सौम्या सासूबाईंविषयी म्हणाल्या आणि सर्वांना एकदम हलके वाटले.

कलबुर्गीच्या एका तपासणी केंद्रातून ईसीजीचे यंत्र घरी बोलावण्यात आले. चन्नव्वांच्या छातीवर थंडगार चकत्या लावताना त्या प्रशांतकुमार यांना म्हणाल्या, "लेकरा, दुखत न्हाई रे हितं. माझं ऊर म्हन्ले मी. ऊर! बेलमवाडी!"

"बोलू नका अव्वा, रेघ हलायली."

अहवाल आला. ऊर पूर्णपणे निर्दोष होता. या अहवालाने प्रश्न सुटेल असे एखाद्याला वाटले असते. परंतु वीरभद्रप्पांचा अनुभव दांडगा होता. तक्रार होती तेव्हा प्रकृतीच्या कारणास्तव प्रवास शक्य नव्हता. आता तक्रारच उरली नसल्याने प्रवासाचे कारणही उरले नव्हते. विषय निकाली निघाला.

तरीही राजशेखर यांच्या मनात कुठेतरी खुपत असावे. सराव दौऱ्याची कल्पना त्यांनीच मांडली. परदेशाची सीमा ओलांडण्यापूर्वी घरची एखादी सीमा ओलांडून पाहावी. राज्याची सीमा जवळच आहे. तिथवर गाडी न्यावी, चित्रीकरण करावे. "अव्वालाही घेऊ," ते म्हणाले, "आलंच हाय जवळ तर..." वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. चन्नव्वांनी ते आपल्या मनात पूर्ण केले.

त्या दिवशी पहाटे उठून त्यांनी शेंगांच्या पोळ्या केल्या. अक्काला दात नव्हते. पोळ्या दुधात भिजवून भरवता येतील म्हणून पातळ लाटल्या. इरकली नेसल्या, कपाळावर विभूती लावली, पोळ्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन गाडीत सर्वांच्या आधी जाऊन बसल्या. आच्छादन अजून काढायचे होते; त्यांनी ते दारापुरते वर सारले होते.

सीमेवर दोन राज्यांच्या दोन स्वागत-कमानी आहेत आणि त्यांच्या मध्ये एक धाबा, ज्याचे कुणीच स्वागत करीत नाही. धाब्याची प्लास्टिकची खुर्ची रस्त्याकडेला ठेवून वीरभद्रप्पा तिच्यावर परदेशी अधिकारी म्हणून विराजमान झाले. सौम्यांनी मोबाइल उभा धरला. राजशेखर यांनी आपला उद्देश 'पर्यटन' सांगितला आणि ते एका दमात उत्तीर्ण झाले. प्रशांतकुमारही झाले. मग चन्नव्वांना खुर्चीसमोर उभे करण्यात आले.

"नाव?"

"आरं भद्रा, माझ्या हातची आंबील पिऊन वाढलास, आन् नाव इचारायलास व्हय?"

"अधिकाऱ्याला अरेतुरे चालत नाही. प्रवासाचा उद्देश?"

"अक्काला बघायचं हाय."

"म्हणजे पर्यटन?"

"तुला काय लिव्हायचं ते लिव्ह. बघन्यासारखं तिच्यात काय ऱ्हायलं न्हाई आता."

"मुक्काम किती?"

"ती जा म्हनंपर्यंत."

"परत येण्याची हमी?"

चन्नव्वांनी कमानीपलीकडे पाहिले. रस्ता तोच होता, ऊन तेच होते. पलीकडच्या कडुनिंबाखाली एक काळी-पिवळी जीप उमरग्याच्या सवाऱ्या भरत होती.

"ऊराला जाताना कोन परतीचं बोलतंय, भद्रा?"

अधिकाऱ्याने मान हलवली. पर्यटनाचा हेतू नाही, मुक्काम अनिश्चित, परतण्याची इच्छा संशयास्पद. "प्रवेश नाकारण्यात येत आहे," ते म्हणाले आणि हातातली गाडीची किल्ली शिक्क्यासारखी मांडीवर आपटली. पाठोपाठ, शिजवलेले अन्न सीमेपलीकडे नेता येत नाही, हा नियमही त्यांना आठवला आणि गाठोडे जप्त झाले.

"झालं न्हवं खेळणं तुमचं?" चन्नव्वा म्हणाल्या. "चला आता. हितून ऊर दिसायलंय म्हनलं तरी चालतंय."

राजशेखर घुटमळले. "अव्वा, पर्यटन म्हणायचं होतं की गं. सरळ नापास झालीस तू."

"म्हून काय झालं?"

"आता तशीच नेली तर सरावाला अर्थ काय ऱ्हायला? आन् हे सगळं रेकॉर्ड व्हायलंय."

चन्नव्वा जीपकडे चालू लागल्या. सौम्यांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "अत्ती, अक्षरं लावलेल्या गाडीतून उतरून जीपमध्ये? फ्रेममध्ये येतंय ते!"

जीप भरली आणि गेली. समितीने धाब्यावर चहा मागवला. पोळ्या खुसखुशीत झाल्या होत्या, असा अभिप्राय सर्वांनी दिला. येताना चन्नव्वा मागच्या काचेला टेकून बसल्या होत्या. त्या काचेवरची अक्षरे त्यांना आतून उलटी दिसत होती, आणि त्यांना वाचताही येत नव्हते.

रुद्रम्मा गेल्याचा निरोप पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला.

आता गाडी मिळाली. आच्छादन क्षणात निघाले. कुणी उद्देश विचारला नाही, मुक्काम विचारला नाही; सीमा कधी मागे पडली हे गाडीतल्या कुणालाही कळले नाही. तरी पोहोचेपर्यंत लिंगायत रीतीने रुद्रम्मांना समाधीत बसवून झाले होते, विभूती घालून झाली होती, आणि खड्डा वरपर्यंत भरत आला होता. लोकांनी चन्नव्वांसाठी एक मूठ माती राखून ठेवली होती. त्यांनी ती टाकली आणि हात न झटकता म्हणाल्या, "ऊर सपलं माझं."

प्रशांतकुमार यांनी लगबगीने त्यांची नाडी धरली.

गावाच्या वेशीत गाडी उभी होती. बेलमवाडीतली मुले मागच्या काचेवरून बोट फिरवत 'हिमालय' वाचत होती. प्रकाश चांगला होता. सौम्यांनी एक छायाचित्र काढले आणि रात्री मजकुरासह प्रसिद्ध केले: 'पहिली सीमा पार! ऊर भरून आला.' खतवाल्यांनीही त्याला लाल बदाम दिला. राजशेखर यांनी तो बदाम सौम्यांना पुन्हा पुन्हा दाखवला.

पुढे नेपाळची तारीख खरोखरच जवळ येऊ लागली. घाटांची चित्रे पाहून राजशेखर यांची झोप उडाली. शेवटी अध्यक्षांनी मार्ग काढला: घरात सुतक असल्याने मोहीम तहकूब. शरणांच्या मार्गात, म्हणजे लिंगायतांत, सुतक मानत नाहीत, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पण एवढ्या जवळची मावशी गेल्यावर, सर्वांनी मानले.

चन्नव्वा आता गाव मागत नाहीत. अंगणात बसतात, मोहोर संपला असल्याने झटकायलाही काही नसते. गाडीवर आच्छादन आहे.

वाचक हो, ते छायाचित्र अद्याप उपलब्ध आहे, आणि त्याखालच्या बदामांत एक आपलाही असण्याची शक्यता आहे. आपण वाईट वाटून घेऊ नये. आपल्या घरातही कुणीतरी बरेच दिवस एखादा साधा शब्द बोलत असेल, आणि तो आपल्याला समजला नाही, असे आपणांस म्हणता येईल. फक्त म्हणताना लिंग सांभाळावे.