महाराजांच्या उजवीकडे जागा निघाली त्याची हकीकत

प्रथम कोऱ्या कागदास दंडवत, कारण आता तो कोरा राहणे नाही. शके सोळाशे साडेअडुसष्ट, संवत्सराचे नाव वाळवीने खादले, ते समयी एका थोर राज्यात, ज्याचे नाव सांगता भांडण उभे राहील सबब सांगत नाही, महाराजांस इच्छा जाहली जे आपला दरबार भिंतीवर चितारावा. मग धाकोजी चितारी यांस पाचारण केले. धाकोजी हाताचे कसबी, परंतु गर्व ऐसा की आरशापुढून जाता आपणासच मुजरा करीत. महाराज बोलिले, "चित्र साधले तर दरबारी चितारी तुम्ही. बिघडले तर पागेच्या भिंतींस चुना देणे." धाकोजींनी मिशीस पीळ दिला.

मग त्यांणी महाराज किंचित डावीकडे बसविले, आणि उजवीकडे, जिकडे महाराजांची नजर, तिकडे भिंत मोकळी सोडिली, जे नजरेस अंगण हवे, गर्दीत थोर माणूसही बाजारास आल्यासारखा दिसतो. दिवाणजी आले आणि दचकले. "अहो धाकोजी, ही जागा रिकामी कां?"

"रिकामी नव्हे जी, मोकळी आहे."

"एकच ते! जागा आहे म्हणता ना?"

आता त्या राज्यात जागा म्हणजे नेमणूक, दुसरा अर्थ कोणास ठाऊक नाही. दिवे लागण्याचे आत गावभर जाहले की महाराजांच्या उजवीकडे जागा निघाली! मग दिवाणजी स्वतःसच तेथे चितारवून गेले, आणि सेनापती गरजले, "दिवाण तेथे, आणि आम्ही काय दाराशी जोडे राखावे?" आणि ते घोड्यावरून उतरत नसल्याने घोडाही घ्यावा लागला, आणि घोड्याच्या पुठ्ठ्यानेच वीतभर जागा खादली. मग राणीसाहेबांचे बंधू हुक्का घेऊन आले आणि गोड हसोन बोलिले, "ताईसाहेबांस सांगू का?" तेव्हा तेही बसले, हुक्काही बसला. धाकोजी मनात म्हणत, "मेले रे माझे चित्र!" आणि तोंडाने म्हणत, "हो जी, का नाही जी." शेवटी महाराजांच्या मुखाशेजारी तळहाताएवढी भिंत उरली. ती तरी सोडावी की नाही? परंतु धाकोजींस वाटले, सर्व गाव आत आणि चितारणारा बाहेर, हा कोठला न्याय? मग त्यांणी आपणास चितारिले, वर ऐसपैस पागोटे घातले, आणि पागोट्यास तुरा लाविला.

चित्रावरील पडदा सरला, तेव्हा जो तो आपणास पाहोन "वाहवा" करिता जाहला. महाराज पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग बोलिले, "सर्व मंडळी दिसतात. आम्ही कोठे?"

धाकोजी पुढे जाहले, आणि भिंतीवर बोट फिरवीत शोधू लागले. "हे येथे, सरकार. हे नाक."

"नाक आमचे. वरते पागोटे कोणाचे?"

"सेवकाचे."

"बरे. आता चुनाही सेवकाचा."

मग धाकोजी पागेत चुना फासीत बसले, आणि रडू आले ते चुना डोळ्यांत गेला म्हणोन सांगू लागले. एके सकाळी महाराज लाडक्या घोडीस हरभरे चारण्यास आले आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहिले. धाकोजींनी मान वर केली आणि हातचा कुंचला गळाला. महाराज बुटके, थोडे थकलेले, आणि अगदी महाराज दिसत होते.

"सरकार, हलू नका!"

"कां रे?"

"आता दिसता."

महाराजांनी भिंतीवरील आपली सावली पाहिली आणि हळू बोलिले, "बरे वाटते येथे. कोणी नाही." मग आज्ञा जाहली जे सिंहासन पागेत आणावे, आणि धाकोजी यांस दरबारी चितारी करावे. सिंहासन आले, आणि मागोमाग बोभाटा जाहला की पागेत जागा निघाली! मग दिवाणजी आले, सेनापती घोड्यासुद्धा आले, बंधू हुक्क्यासुद्धा आले, आणि दाटी ऐसी जाहली की पागेतील सर्व घोडी दरबारात नेऊन बांधावी लागली. तेथे ती ऐसपैस उभी राहिली. आणि सर्वांस कोपर मारीत पुढे कोण आले म्हणाल, तर धाकोजी, नवे पागोटे घालोन, आणि महाराज पुन्हा दिसेनासे जाहले.

तात्पर्य, मोकळी जागा सोडणे आम्हां लोकांच्या हातून होत नाही. याचा दाखला म्हणोन खालील अर्धे पान कोरे ठेवावे ऐसा बखरकाराचा पक्का निश्चय होता. परंतु कोरे पाहवेना, सबब हे लिहिले. आणि हेही.