मनोरमेचा डावा पाय

गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची, हे माझ्या डाव्या गुडघ्यानं ठरवलं. दोन हजार सतरा सालची गोष्ट. क्लच दाबला की गुडघा असा ओरडायचा की रस्त्यावरचं कुत्रं बाजूला व्हावं (गुडघा बिचारा मुका, ओरडायचो मीच).

डहाणूत माझं पंप, पाइप आणि ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान. शाळा नववीपर्यंत, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. एकदा नरपडच्या लाहूनं नवा पंप परत आणला, "शेठ, पाणीच ओढत नाय." मी गल्ल्यावरून न उठता म्हटलं, "पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह उलटा बसवलायस." आणि खरंच उलटा निघाला! तेव्हापासून कुठल्याही यंत्राचं दुखणं आपल्याला बसल्या जागी कळतं, असा माझा पक्का समज झाला. माणसाचं पहिलं निदान कधी बरोबर निघू नये. पुढं फार जड जातं.

वापीच्या एका निवृत्त साहेबांची जुनी गाडी घेतली. तिला क्लच नाही हे कळताच आमची मनोरमा पुढं सरसावली. एक्कावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. दर बुधवारी धाकट्या डहाणूहून ताजी पापलेटं आणायची, बर्फाच्या डब्यात घालून डिकीत ठेवायची आणि एकटीनं तलासरीला आईकडे जायचं. सासूबाई एकोणऐंशीच्या. बुधवारचं पापलेट हा त्यांचा आठवड्याचा सण.

दिवाळीत मी गाडीचं तेलपाणी घरच्या घरी केलं (हे वाक्य लक्षात ठेवा, मी विसरलो होतो). महिनाभरात गाडी थरथरायला लागली. चारोटीवरून हायवेला लागलं आणि काटा सत्तरवर स्थिरावला, की पन्हळी पत्र्यावरून चालल्यासारखं व्हायचं.

"तुला जाणवत नाही?" मी विचारलं.

"नाही बाई. माझ्या हातात लोण्यासारखी जाते."

झालं. आरोपी सापडला. कारण आमच्या गल्लीतला दिपक ट्रक चालवतो, त्यानं आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "काका, काकींच्या गाडीचा मागचा लाल दिवा चारोटीपासून तलासरीपर्यंत पेटलेलाच असतो. ही गाडी आता थांबणार की मग थांबणार, या काळजीत आम्ही सगळे मागं रांगत जातो."

"ब्रेकवर पाय ठेवून ठेवून गिअरबॉक्स खाल्लास तू!" मी कडाडलो.

"अहो, डावा पाय नुसता टेकवते. धीर येतो."

"धीर येतो म्हणे! दे ती किल्ली."

तिनं दिली. वर कपाटातली जादा किल्लीही आणून दिली. लग्नाला एकोणतीस वर्षं झालेल्या माणसाला त्या जादा किल्लीचा अर्थ कळायला हवा होता.

मग ती बसनं जायला लागली. पहिल्याच बुधवारी कंडक्टरला डब्याचा वास लागला. "ताई, एकतर मासळी उतरवा, नाहीतर तुम्ही उतरा." तेव्हापासून डब्यातून भेंडी जायला लागली. पाच बुधवार भेंडी. सासूबाई फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "भेंडीपण चांगली असते हो, जावईबापू." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी मात्र थरथरतच होती. मोबाइलवरच्या व्हिडिओत एका गृहस्थांनी परीक्षा सांगितली: गाडी सत्तरवर ठेवा, ब्रेकला पाय फुलासारखा टेकवा, थरथर थांबते का बघा. साक्षीदार म्हणून मनोरमेला शेजारी बसवलं आणि हायवे गाठला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर गुंतलेला, म्हणून डावा पुढं केला. त्या पायाला तीस वर्षं फक्त क्लच माहीत. त्यानं फुलासारखं वगैरे काही केलं नाही, ब्रेक खाली तळापर्यंत दाबला.

गाडी जागच्या जागी. मागच्या सीटवरची चिकूची करंडी पुढच्या काचेवर. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं मला गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत समजावलं.

मनोरमेनं मांडीवरचा फुटका चिकू उचलला. "ब्रेकवर पाय मी ठेवते, नाही का?"

तशीच चिकट गाडी तलासरीच्या यतीन मेकॅनिककडे नेली. त्यानं आधी मला चालवायला लावली. सत्तर, थरथर. मग म्हणाला, "आता वहिनी." मनोरमा बसली. सत्तर आले, पंचाहत्तर आले, गाडी लोणी! यतीन वाकून तिच्या पायांकडे बघत राहिला आणि हसला.

"शेठ, यात क्लचच्या जागी कन्व्हर्टर असतो. आधी तेलातून ताकद पुढं जाते. साठ-सत्तरला आतली प्लेट घट्ट पकडते, त्याला लॉक म्हणायचं. तुमची प्लेट पकडताना घसरते, तीच थरथर. वहिनींचा पाय ब्रेकला टेकला की गाडीला वाटतं थांबायचंय, मग लॉक लागतच नाही."

"म्हणजे हिनं नाही बिघडवली?"

"उलट! प्लेट थोडीफार उरलीय ती वहिनींमुळे. ब्रेक झिजतील, ती सवय सोडायला हवी, पण गिअरबॉक्सला त्यांनी काही केलेलं नाही." मग त्यानं बोटावर गिअरबॉक्सचं तेल घेऊन वास घेतला. "हे कुठलं टाकलंय?"

मी चिकू पुसू लागलो.

"शेठ?"

"लाल होतं," मी म्हटलं. "ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं. दुकानातच होतं. लालच्या जागी लाल."

यतीननं बोट फडक्याला पुसलं, इतकंच. तो व्यापारी नाही, म्हणून सभ्य आहे. "खरं तेल यायला आठवडा लागेल. तोवर गाडी चालवायचीच असेल, तर वहिनींनीच चालवावी."

मी किल्ली मनोरमेपुढं धरली. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "बुधवार उद्याच आहे." तिनं किल्ली घेतली, पण लगेच नाही.

दुसऱ्या दिवशी पापलेटं डिकीत आणि मी तिच्या शेजारी, दोघंही गार. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मग विचारलं, "गाडीला झालं होतं तरी काय गं?"

मी ताटात खाली बघितलं. पाच आठवडे मी याच प्रश्नाची वाट बघत होतो, तेव्हा उत्तरात नाव मनोरमेचं होतं.

"काही नाही आई," मनोरमा म्हणाली. "चुकीचं तेल पडलं होतं." बस्स, एवढंच. माझं नावही नाही.

"कुठल्या मेल्याच्या दुकानातलं?" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

मी मान खाली घालून काटा काढू लागलो. बराच वेळ काढत होतो. पापलेटात काढण्याजोगे काटे फारसे नसतात, हे त्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.